ज्यूली पोप यांची तळ्याकाठची बाग

फ्लोरिडातल्या विंटर हेवनजवळच्या लेक एलॉइज तळ्याकाठी सायप्रेसच्या झाडांची दलदल होती. डिक आणि ज्यूली पोप या दांपत्याने ती साफ करायला घेतली, तेव्हा मंदीचे दिवस होते. फुलं पाहायला कोणी तिकीट काढेल हे लोकांना पटेना. तरीही कालवे खणले गेले, त्यांतून विजेवरच्या बोटी फिरू लागल्या, आणि २ जानेवारी १९३६ रोजी सायप्रेस गार्डन्स खुली झाली. १९३९ साली तिथे बादलीतून आणलेलं वडाचं रोप लावलं. आज त्याच्या पारंब्यांचेच खांब झाले आहेत.

डिक जाहिरातीत वाकबगार होते, त्यामुळे नाव त्यांचंच झालं. पण ही बाग जगभर ज्या दोन गोष्टींसाठी ओळखली गेली, त्या ज्यूलीबाईंना सुचल्या. १९४० च्या थंडीत प्रवेशद्वारावरचा वेल करपला आणि पाहुणे बाहेरूनच परतू लागले. ज्यूलीबाईंनी बागेतल्या मुलींना जुन्या काळचे घेरदार झगे घालून दारात उभं केलं. करपलेला वेल झाकला गेला, गर्दी वाढली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या काळातला तो पेहराव आज मला खटकतो. पण त्यांची हुशारी नाकारता येत नाही.

दुसरी गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. डिक सैन्यात होते, बाग ज्यूलीबाई एकट्या सांभाळत होत्या. वर्तमानपत्रात छापून आलेला वॉटर स्कीइंगचा फोटो पाहून काही सैनिक आले आणि खेळ कधी सुरू होणार म्हणून विचारू लागले. खेळ असा काही नव्हताच. ज्यूलीबाईंनी आपली मुलं आणि त्यांचे मित्र जमवले, त्यांना तळ्यात उतरवलं, आणि वेळ मारून नेली. त्यातून पुढे स्कीवरचे मानवी मनोरे उभे राहिले. त्यांचा मुलगा, धाकटे डिक पोप, १९४७ साली स्कीशिवाय, अनवाणी पायांनी पाण्यावरून घसरत गेले. त्याचे फोटोही निघाले. अभिनेत्री एस्थर विल्यम्स यांच्या १९५३ च्या चित्रपटासाठी इथे फ्लोरिडाच्या नकाशाच्या आकाराचा पोहण्याचा तलाव बांधला गेला.

१९७१ मध्ये डिस्ने वर्ल्ड आलं आणि पर्यटकांचा ओघ तिकडे वळला. पोप कुटुंबाने १९८५ साली बाग विकली. मग मालक बदलत गेले. २००३ आणि २००९ मध्ये तिला टाळं लागलं. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे लेगोलँड हे मनोरंजन उद्यान सुरू झालं. लेगोलँडने जुनी बाग राखली, स्कीचे खेळही चालू ठेवले. घेरदार झग्यांतल्या मुली मात्र आता लेगोच्या विटांच्या आहेत.