जोरात छेडलं की सूर का चढतो?

घरात किंवा शेजारी कुणाकडे गिटार आहे? सगळ्यात जाड तार विचारून थोडी सैल करा (विचारून हं!). आधी हलकेच छेडा, मग चांगली ओढून सोडा. दुसऱ्या वेळी आवाज मोठा येतोच, पण कान देऊन ऐका: सूर आधी चढा लागतो आणि मग हळूहळू खाली घसरतो.

तारेची दोन्ही टोकं पक्की बांधलेली. मध्ये ती फुगली की तिला लांब व्हावं लागतं, म्हणजे ताणावं लागतं. ताणलेली तार भराभर थरथरते. थरथर ओसरली की ताणही उतरतो.

दोन्ही टोकांना घट्ट आवळलेली पातळ पट्टीही अशीच वागते. तिला यंत्राने हलवा आणि हलवण्याचा वेग हळूहळू वाढवत न्या. झोका मोठा, आणखी मोठा होतो... आणि एकदम कोसळतो! आता वेग कमी करत मागे या. झोका पुन्हा उसळतो, पण कोसळला होता त्या वेगाला नाही, त्याच्या बराच खाली. ही गंमत समजावणारं गणित जर्मन अभियंता गेऑर्ग डफिंग यांनी 1918 साली पुस्तकात मांडलं.

पट्टी थराथरांची असली तर खरी धमाल. कार्बनच्या धाग्यांचे राळेत भिजवलेले पातळ थर एकावर एक रचतात आणि साधारण 120 ते 180 अंश सेल्सिअसला भाजून घट्ट करतात. समजा, वरच्या थराचे धागे उभे ठेवले, खालच्याचे आडवे. गार होताना राळ आकसते, धागे मात्र त्यांच्या लांबीत जवळजवळ आकसतच नाहीत. म्हणजे वरचा थर एका दिशेने आकसू पाहतो, खालचा दुसऱ्या. या ओढाताणीत सपाट पट्टी बाकदार होऊन बाहेर येते! तिचा वरचा झोका आणि खालचा झोका सारखे नसतात. कधीकधी तर झोका वाढवला की सूर आधी उतरतो आणि मग चढतो. असा बाक येऊ नये म्हणूनच विमानाचे भाग करताना थर शक्यतो मधल्या रेषेच्या वर-खाली आरशातल्यासारखे जुळवून लावतात.

काही संशोधक मात्र मुद्दाम बाकदार पत्रे बनवतात. असा पत्रा केसांच्या 'टिक'कन वाजणाऱ्या पिनेसारखा एका बाकातून दुसऱ्या बाकात उडी मारतो. त्यावर, वाकवल्यावर वीज देणारी चकती चिकटवली की यंत्राच्या फुकट जाणाऱ्या थरथरीतून थोडीशी वीज मिळते.