पादचारी पूल जिन्यावरून जोखा

२९ सप्टेंबर २०१७. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. ऐन सकाळची गर्दी, त्यात पाऊस. भिजू नये म्हणून लोक जिन्याशीच थांबलेले आणि मागून प्रत्येक लोकलचा लोंढा येतच होता. पूल कितीही लांब-रुंद बांधा, माणसं उतरणार जिन्याच्या रुंदीएवढीच. म्हणून मोजायचा तर जिना मोजा. अफवेने घात केला म्हणतात. पसरली असेलही, पण मोकळ्या जिन्यावर अफवा जीव घेत नाही. मुंबईत जागा कुठे आहे, हा आक्षेप मात्र रास्त आहे. मग आहे तो जिना रुंदावत नसेल, तर फलाटाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक काढा. ठरवलं तर जागा निघते: लष्कराने फेब्रुवारी २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोडलाच नवा पूल उभा केला होता.