दोरी ओढायची मुभा

मैत्रिणींनो, मोटारीचा कारखाना आणि दवाखाना यांचा काय संबंध, असं मलाही वाटायचं. पण जपानच्या टोयोटा कंपनीने कारखान्यात कामाच्या जागेवर एक दोरी लावली. काही चुकतंय असं दिसलं की साध्या कामगारानेही ती ओढायची. मुकादम धावत येणार. चूक तिथेच निस्तरली नाही, तर सगळी लाइन बंद!

अमेरिकेत सिॲटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयातली मंडळी २००२ मध्ये हे शिकायला जपानला गेली. परत आल्यावर त्यांनी नियमच केला. रुग्णाला धोका दिसला, तर कुणाही कर्मचाऱ्याने काम थांबवायचं आणि वर कळवायचं.

तरीही २००४ मध्ये तिथे एक बाई दगावली. तपासणीसाठी टोचायच्या औषधाऐवजी जंतुनाशक टोचलं गेलं. दोन्ही पाण्यासारखी, आणि भांड्यावर लेबल नाही. रुग्णालयाने चूक झाकली नाही, जाहीर कबूल केली. कुणाला शिक्षा करायची यापेक्षा अशी चूक होऊच कशी शकली, हे शोधलं.

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती बोलायची मुभा. आपल्याकडे सिस्टर डॉक्टरांना टोकायला बिचकते. आपण तर खाटेशेजारी गप्पच बसतो. तेवढं तरी बदलू या. इंजेक्शन देताना विचारा, "सिस्टर, हे कशाचं? नाव बघितलंत ना?" कुणी रागावलं तर रागावू दे. माणूस आपलं आहे.