भंडाऱ्याच्या धानाचा हमीभाव आणि जिनिव्हाचे नियम: व्यापार कायद्याचे प्राध्यापक नेमके करतात काय?

खरिपाचे धान घरात आले की भंडारा जिल्ह्यात एकच लगबग असते. सातबारा घेऊन ऑनलाइन नोंदणी, मग खरेदी केंद्रावर नंबर, काटा आणि शेवटी खात्यात पैसे येण्याची वाट. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरवला. तुमसर असो की लाखांदूर, शेतकऱ्याचे वर्षाचे गणित याच आकड्यावर बसते.

पण हा आकडा स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरातही तपासला जातो. तेथे जागतिक व्यापार संघटनेचे, म्हणजे डब्ल्यूटीओचे मुख्यालय आहे. तिथल्या नियमांचा अर्थ लावण्यात आणि ते बदलण्याच्या वाटा शोधण्यात एका पेशाचा मोठा वाटा आहे, तो म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आणि वाटाघाटी शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा.

जिनिव्हात धानाचा हिशेब कसा होतो?

१९९५ पासून लागू असलेल्या कृषी करारानुसार विकसनशील देशाने एखाद्या पिकाला दिलेले व्यापारावर परिणाम करणारे अनुदान त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. खरी मेख अनुदान मोजण्याच्या पद्धतीत आहे. आजचा हमीभाव आजच्या बाजारभावाशी नव्हे, तर १९८६ ते १९८८ या काळातील आंतरराष्ट्रीय किमतीशी ताडला जातो. त्यामुळे कागदावरचे अनुदान फुगते.

२०१८-१९ मध्ये तेच झाले. भारताने डब्ल्यूटीओला कळवले, की तांदळाचे उत्पादनमूल्य ४३.६७ अब्ज डॉलर आणि अनुदान ५ अब्ज डॉलर. म्हणजे ११ टक्क्यांहून अधिक. मर्यादा ओलांडली गेली.

मग भारतावर खटला का झाला नाही?

कारण डिसेंबर २०१३ मध्ये बाली परिषदेत ठरलेले 'शांतता कलम'. अन्नसुरक्षेसाठी सरकार धान्याचा साठा करत असेल, तर मर्यादा ओलांडूनही या कराराखाली दावा करायचा नाही, असे सदस्य देशांनी मान्य केले. २०१८-१९ च्या तांदळासाठी भारताने पहिल्यांदा या कलमाचा आधार घेतला.

मात्र अटी आहेत. दरवर्षीची आकडेवारी द्यावी लागते, साठ्यामुळे इतर देशांचा व्यापार बिघडता कामा नये आणि योजना ७ डिसेंबर २०१३ च्या आधीपासून सुरू असावी लागते. कायमस्वरूपी तोडगा २०१७ पर्यंत काढायचा होता. तो २०१७ च्या ब्युनोस आयर्स परिषदेत निघाला नाही आणि २०२४ च्या अबुधाबी परिषदेतही नाही.

प्राध्यापकाने मांडला संघटनेचा आराखडा

या कायद्याला अभ्यासशाखा म्हणून उभे करण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील प्रा. जॉन जॅक्सन (१९३२-२०१५) यांना दिले जाते. १९४८ पासून जागतिक व्यापार 'गॅट' नावाच्या तात्पुरत्या करारावर चालत होता. जॅक्सन यांनी १९६९ मध्ये त्या करारावर ग्रंथ लिहिला. मिशिगन आणि नंतर जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवताना मध्यंतरी त्यांनी अमेरिकी सरकारच्या व्यापार कार्यालयात कायदा सल्लागार म्हणूनही काम केले. १९९० च्या पुस्तकात त्यांनी कायमस्वरूपी व्यापार संघटनेची कल्पना मांडली. १ जानेवारी १९९५ रोजी डब्ल्यूटीओ अस्तित्वात आली.

अमृता नारळीकर: दुबळ्यांच्या सौद्याचा अभ्यास

नियम बलाढ्य देशांनी घडवले असतील, तर इतरांनी काय करायचे? या प्रश्नावर प्रा. अमृता नारळीकर यांची कारकीर्द उभी आहे. शास्त्रज्ञ अनंत नारळीकर यांच्या त्या कन्या आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांच्या पुतणी. त्यांचे क्षेत्र कायद्यापेक्षा आंतरराष्ट्रीय संबंधांचे, पण विषय तोच.

दिल्लीतील जेएनयूनंतर ऑक्सफर्डमधून डॉक्टरेट, केंब्रिजमध्ये अध्यापन आणि २०१४ ते २०२४ या काळात जर्मनीतील हॅम्बुर्गच्या 'गिगा' संशोधन संस्थेचे अध्यक्षपद, असा त्यांचा प्रवास आहे. विकसनशील देश एकत्र येऊन सौदा कसा करतात, हा त्यांच्या २००३ च्या पुस्तकाचा विषय. योगायोग असा, की त्याच वर्षी कॅनकुन परिषदेत भारत आणि ब्राझीलच्या पुढाकाराने विकसनशील देशांचा गट श्रीमंत देशांच्या कृषी अनुदानाविरोधात उभा राहिला. भारत वाटाघाटी कशा करतो हे महाभारताच्या आधारे उलगडणारे पुस्तक त्यांनी आई अरुणा नारळीकर यांच्यासह लिहिले.

त्यांचे २०२० चे पुस्तक भंडाऱ्याच्या प्रश्नाच्या जवळ येते. 'आमचे शेतकरी गरीब आहेत' ही मांडणी वाटाघाटीत दुबळ्यांना बळ देते. पण तेच हत्यार बलवान देशही उचलू शकतात, याकडे त्या लक्ष वेधतात. आपल्याकडचे लोक गरीब झाले ते या व्यापारामुळेच, असे श्रीमंत देशही म्हणू लागतात. म्हणजे भावनिक आवाहन पुरेसे नाही. आकडे आणि कलमेही पक्की लागतात.

कलमांचा फटका कसा बसतो?

महाराष्ट्राने तो साखरेच्या बाबतीत पाहिला आहे. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारींवर डिसेंबर २०२१ मध्ये डब्ल्यूटीओच्या तज्ज्ञ समितीने भारताविरोधात निर्णय दिला. उसाच्या पाठबळाने १० टक्क्यांची मर्यादा ओलांडल्याचे समितीचे म्हणणे होते. भारताने अपील केले. पण सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्याने अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. प्रकरण लटकले.

भंडाऱ्यातून या क्षेत्रात जायचे तर?

• बारावीनंतर 'क्लॅट' देऊन पाच वर्षांची विधी पदवी. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ नागपुरातही आहे. पदवीनंतर तीन वर्षांचे एलएलबीही चालते.
• प्राध्यापक होण्यासाठी एलएलएम आणि त्यानंतर नेट किंवा पीएचडी.
• विद्यार्थीदशेत अनुभवासाठी जॉन जॅक्सन यांच्याच नावाची डब्ल्यूटीओ कायद्यावरील अभिरूप न्यायालय स्पर्धा.
• दिल्लीत आयआयएफटी संस्थेतील डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र आणि व्यापार व गुंतवणूक कायदा केंद्र. सरकारला व्यापारविषयक सल्ला या केंद्रांतून मिळतो.

केवळ कायदा वाचून मात्र भागत नाही. अर्थशास्त्र आणि शेती दोन्ही समजावी लागतात. खरेदी केंद्राची रांग लहानपणापासून पाहिलेल्या विद्यार्थ्याला त्यातला अर्धा अभ्यास आधीच ठाऊक असतो.