चहाची रुचि आणि पेल्याचा भेद

चहा कसा असावा याविषयीं जितकीं तोंडें तितकीं मतें. कोणास आलें ठेचून घातलेला पाहिजे, कोणास वेलदोड्याचा. कोणास दूध अधिक, तर कोणास दुधाचा थेंबही नको. असे वाद बाजारपेठेंत रोज चालतात व त्यांपासून कोणाचें नुकसान होत नाहीं. उलट, हा रुचिभेद कोठून उपजतो याचा विचार केल्यास बोध घेण्याजोगें पुष्कळ हातीं लागतें.

दार्जिलिंगच्या पानाचा नाजूक सुगंध दुधानें झांकला जातो; म्हणून त्याचे रसिक तें पान उकळीत नाहींत, ऊन पाण्यांत थोडा वेळ मुरवून कोरेंच पितात. दाणेदार चहाची गोष्ट निराळी. 1930 च्या सुमारास आसामांत पान चिरडून, फाडून व वळवून त्याचे दाणे करणारें यंत्र निघालें. हा दाणा रंग लवकर सोडतो, थोडक्या भुकटींत अधिक कप होतात आणि दूध-साखरेपुढें त्याची चव हरत नाहीं. आपली कडक, दुधाळ चहाची आवड घडविण्यांत या स्वस्त दाण्याचा वांटा मोठा आहे. काश्मीरांत हिरवें पान सोडा घालून पुष्कळ वेळ उकळतात. दूध पडतांच तो चहा गुलाबी होतो, व त्यांत साखरेच्या जागीं मीठ असतें. खुद्द आसामांत बिनदुधाचा लाल चहा प्रिय; कोंकणांत गवती चहाची पात टाकलेला कोरा चहा; पुण्याच्या अमृततुल्यांत पितळी पातेल्यांतील आलें-वेलदोड्याचा. सारांश, आवड ही जमीन, दूध, पैसा आणि संवय यांवरून ठरते. मिठाच्या चहास नाक मुरडणारा आपली अभिरुचि दाखवीत नाहीं, केवळ आपला अपरिचय दाखवितो.

येथवर जिभेचा भेद झाला. परंतु चहाच्या पेल्याबरोबर आमच्या समाजांत दुसराही एक भेद फिरत आला आहे, आणि त्यास 'आवड' हें सौम्य नांव देणें आम्हांस मान्य नाहीं. 1890 सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत व्याख्यानाच्या निमित्तानें जमलेल्या मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. त्यांत टिळक व रानडे यांच्यासारखे पुरुष होते. नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतांच धर्मभ्रष्टतेचा गिल्ला झाला, ग्रामण्य माजलें, आणि 1892 त रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. चहा कडक होता कीं पांचट, हें कोणीं विचारलें? प्रश्न इतकाच होता कीं तो कोणाच्या घरचा!

विद्वानांस एका कपासाठीं इतका ताप, मग ज्यांस पेलाच वेगळा दिला जाई त्यांची काय कथा? अस्पृश्य मानलेल्या मनुष्यासाठीं निराळी कपबशी ठेवावयाची, ती त्याचीच त्यानें धुवून ठेवावयाची, ही रीत चहाच्या दुकानांत उघड चाले. राज्यघटनेच्या 17 व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली; 1955 च्या कायद्यानें उपाहारगृहांतील भांडीं वापरूं न देणें हा गुन्हा ठरविला. तथापि देशांतील कित्येक खेड्यांत 'दोन पेल्यांची' ही रीत त्यानंतरही दिसून आली. कागदी पेला निघाल्यानें प्रश्न मिटला असें कोणी म्हणेल. पण एकास कांचेचा व दुसऱ्यास हटकून कागदी, असें होऊं लागलें तर रोग तोच, फक्त पुडी नवी.

उपाहारगृहवाल्यांनीं व दुकानांत गिऱ्हाइकांस चहा पाजणाऱ्या व्यापाऱ्यांनीं एवढा नियम पाळावा: साखर किती, दूध किती, हें अवश्य विचारावें, गांव, आडनांव विचारून भांडें निवडूं नये. सर्वांचे पेले एकाच फळीवर असावेत आणि एकाच पाण्यानें धुतले जावेत. घरांतही मोलकरणीचा कप कोनाड्यांत निराळा ठेवणाऱ्यांनीं आपल्या फळीकडे एकदां पाहावें. चहाची रुचि ज्याची त्यास लखलाभ असो. परंतु शेजाऱ्यास आपल्या पेल्यांत चहा देतांना ज्याचा हात आंखडतो, त्याच्या चहांत कितीही वेलदोडे पडले तरी तो कडूच.