चावडी भरते तेव्हा

पायलीवरून म्हातारा हात आडवा फिरवत नाही. जोंधळा ओतला की वर शीग चढते, दाणे कडेनं ओघळायला लागतात आणि तो थांबतो. मग पायली पोत्यात रिकामी करत मोठ्यानं म्हणतो, ‘लाभ!’ दुसरी भरली की ‘दोन’, मग ‘तीन’. समोर मांडी घालून बसलेल्या सातवीतल्या एका पोराला राहवलं नाही. ‘आजोबा, एक राहिला की!’ म्हातारा हसला नाही. ‘एक म्हनलं की एकावरच थांबतंय रं,’ एवढं बोलून त्यानं चौथी भरायला घेतली.

हे चाललं होतं इंदापूर तालुक्यातल्या एका गावात, जुन्या चावडीच्या जोत्यावर. तिन्ही बाजूंनी पांढऱ्या मातीच्या भिंती, समोरची बाजू उघडी, पुढं सागवानी खांब. वरचं माळवद गळायला लागलं तेव्हा काढून पत्रा टाकलेला. ग्रामपंचायतीला स्लॅबची इमारत मिळाल्यापासून चावडी म्हणजे गणेश मंडळाच्या मांडवाचे बांबू ठेवायची आणि दुपारी पत्ते कुटायची जागा. गावातले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या हाताखालून गेलेली चार-सहा पोरं यांच्या मनात आलं की, या जागेत पूर्वी जी कामं चालत ती एक दिवस पुन्हा करायची. भाषणं नकोत, प्रदर्शनही नको, कामच करायचं.

मला अशा कार्यक्रमांची थोडी धास्तीच असते. फेटे, नऊवारी, बैलगाडीत बसून सेल्फी आणि शेवटी पिठलं-भाकरी, असा त्यांचा साचा ठरून गेलाय. इथंही फेटे होते, बैलगाडी होती आणि एका बांबूला ‘सेल्फी पॉइंट’ अशी पाटीही होती. पण मापाच्या कोपऱ्यात गर्दी जमली ती वेगळ्या कारणानं. तिथं भांडण लागलं होतं. एका शेतकऱ्याचं म्हणणं, माप घ्यायचं तर शिगोशीग. दुसरा म्हणत होता, देताना शिगोशीग देईल कोण, देताना सपाट. गुरुजींनी दोन्ही मापं शेजारी शेजारी मोजायला लावली. चिपटी, मापटी, शेर, अधोली, पायली ही भांडी घराघरांतून मागून आणली होती. दोन मापट्यांचा शेर, 2 शेरांची अधोली, 4 शेरांची पायली. इथवर सगळ्यांचं एकमत. त्यापुढं 12 पायल्यांचा मण आणि 20 मणांची खंडी म्हणताच एका पाहुण्यानं हात वर केला, त्याच्या गावी मण 16 पायल्यांचा. 1956 चा वजनमापांचा कायदा येऊन किलो-लिटर रुळेपर्यंत हा घोळ मिटला नव्हता आणि घोळातच सावकाराचं फावत होतं. शीग चढवलेली पायली आणि सपाट पायली यांतला फरक पोरांनी वाटीनं मोजून पाहिला. मग तो फरक 20 मणांवर किती होईल याचं गणित एका मुलीनं फळ्यावर मांडलं. खळ्यावर सुतार-लोहाराला बलुतं घालताना आणि सावकाराची फेड करताना एकाच घरातलं माप कसं बदलत असेल, ते कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

चावडीसमोरच्या मोकळ्या जागेत साखळी पसरली होती. ही 33 फुटी लोखंडी साखळी, तिचे 16 आणे पाडलेले. साखळीच्या चौरसाचा एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे झाले की एकर. इंदापुरात हा खेळ दाखवण्याला खास अर्थ आहे. इंग्रज अमलातल्या प्रिंगलसाहेबाची आधीची सारापद्धत रयतेला परवडली नाही, जमिनी पडीक पडल्या. त्यानंतर 1835-36 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली ती याच तालुक्यातून. पुढं ती मुंबई इलाखाभर गेली आणि आजचे सर्व्हे नंबर त्याच रेघांवर उभे आहेत. साखळी मात्र वाटते तशी गरीब वस्तू नाही. दोन पोरांनी टोकं धरली, मधे झोल पडला आणि मोजणी चुकली. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक काका पुढं आले. ‘ओढ, ओढ. दमानं. खुंटी सरळ ठोक आधी.’ साखळी ताणायची, खुंटी मारायची, मागच्यानं पुढच्याला ओळीत घ्यायचं, मग पुढं सरकायचं. मध्येच कुणीतरी विचारलं, झोल ठेवून मोजलं तर जमीन वाढते की कमी होते? काका म्हणाले, ‘कागदावर वाढते. म्हणून तर ज्याचं रान त्यानं साखळीवर नजर ठेवायची.’

आत गुरुजींची मोडीची बैठक. बोरू तिरका तासायचा, टोकाला बारीक चीर द्यायची. बाभळीचा डिंक आणि काजळी खलून शाई करायची. शाई पहिल्यांदा फार पातळ झाली आणि कागदावर पसरली, पोरं खूश. मोडीत आधी रेघ ओढतात, मग अक्षरं तिला लटकत जातात. हात जमेल तितका कमी उचलायचा. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही, हे कळल्यावर शुद्धलेखनात मार खाल्लेल्यांनी टाळ्या वाजवल्या. एका घरातून आणलेल्या जुन्या कागदाची झेरॉक्स गुरुजी वाचत होते. कागद साधाच, बांधाच्या तंट्याचा. एकानं दुसऱ्याच्या शेतात किती हात घुसखोरी केली, पंच कोण बसले, काय ठरलं. ती आडनावं वाचली गेली तेव्हा मागं बसलेले दोघंजण एकमेकांकडं बघून हसले. त्यांचे बांध आजही लागून आहेत.

या दिवसाचा सगळ्यात कठीण भाग तालमीतच समोर आला होता आणि तो मला गुरुजींनी नंतर सांगितला. जुनी चावडीची बैठकही वठवायची होती. पाटील, कुलकर्णी, पंच ठरले. पाटलाच्या पागोट्यासाठी दोघांत चढाओढ. येसकर कोण होणार? निरोप पोचवणारा, चावडीची झाडलोट करणारा, साऱ्याची रक्कम तालुक्याला नेणारा, रात्री गस्त घालणारा महार. त्याच्याशिवाय चावडी चालतच नव्हती. बाहेरच्या एका उत्साही कार्यकर्त्यानं सुचवलं, ‘कुणीही होईल, नाटकच तर आहे.’ तेव्हा गावातले एक ज्येष्ठ बौद्ध गृहस्थ उठले. ‘माझा आजा ह्या पायरीखाली उभा राहायचा. पाऊस असला तरी. ते दाखवनार असाल तर दाखवा. नुसती हातात घुंगुरकाठी देऊन पोरगं नाचवनार असाल, तर आमची वस्ती येनार न्हाई.’ हलगी वाजवणाऱ्या तरुणानंही सांगितलं, हलगी वाजवीन, दवंडी देणार नाही. तो लग्नसराईत बुकिंग घेणारा कलाकार आहे आणि त्याच्या पणजोबानं दवंडी कलाकार म्हणून दिली नव्हती.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला, जिथं वसाहतकाळाचं अख्खं शहर माणसं वठवून दाखवतात, तिथं 1994 साली गुलामांच्या लिलावाचा प्रसंग उभा केला तेव्हा मोठा वाद झाला होता. दाखवलं तर अपमान, न दाखवलं तर खोटेपणा. आपल्याकडं कणेरी मठावरच्या संग्रहालयात बलुतेदारांचे पुतळे आहेत, देखणे आहेत. पण पुतळ्याला कुठं उभं राहायचं हे विचारावं लागत नाही. जिवंत माणसाला विचारावं लागतं. म्हणूनच माझ्या मते असल्या दिवसाची परीक्षा वेशभूषेत नसते. चावडीत कोणती कामं होत हे दाखवणं सोपं आहे. कोण कुठून बोलू शकत होतं, हे दाखवताना गाव अडखळतं. हे गाव अडखळलं आणि थांबलं, ही मला त्याची जमेची बाजू वाटली.

तोडगा असा निघाला की, येसकराचं सोंग कुणीच काढायचं नाही. त्या ज्येष्ठांनी चावडीत, मधल्या खांबाजवळ खुर्ची घेतली आणि तिथून सांगितलं. आजोबांचं काम काय, त्याबद्दल वतनाची जमीन किती तुटपुंजी, तिच्यापायी चोवीस तासांची बांधिलकी कशी. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात वतन कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं तेव्हा आपल्याच माणसांत दोन तट कसे पडले, कारण तुटपुंजी असली तरी जमीन ती जमीन. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, कुलकर्ण्यांची त्याआधी 1950 च्या आणि पाटलांची पुढं 1962 च्या कायद्यानं. ज्येष्ठांच्या समाजाची बसायची जागा वेगळी, तक्क्या. तिथं आता बुद्धविहार आहे. सांगता सांगता ते उठले, पायऱ्या उतरले आणि दगडावर काठी टेकवून म्हणाले, ‘हितं.’ मग परत वर येऊन खुर्चीत बसले आणि चहा मागितला. पाटलाच्या पागोट्यातल्या तरुणानं तो आणून दिला. कुणी त्याचा फोटो काढला नाही, ते बरं झालं.

बायकांचं काय, हा प्रश्न बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंनीच काढला. त्यांच्या सासूबाई चावडीवरून जाताना पदर पुढं ओढून, तोंड फिरवून जात. त्या दिवशी बायका सतरंजीवर पुढच्या ओळीत होत्या. आता ग्रामपंचायतीत निम्म्या जागा त्यांच्या, 2011 पासून, सरपंचही बाईच. तरी त्या बोलायला उभ्या राहिल्यावर त्यांचे यजमान खालून शब्द पुरवत होते. सरपंचांनी एकदा खाली बघितलं, मग ऐकू न आल्यासारखं करून पुढं बोलल्या.

जेवणं झाल्यावर शेवटचा कार्यक्रम चावडी वाचनाचा. तो नाटकाचा भाग म्हणून ठेवला होता. सातबाऱ्याचं संगणकीकरण झालं तेव्हा चुका शोधायला गावोगाव असं वाचन झालं होतं, त्याचीच उजळणी. तलाठी भाऊसाहेब मुद्दाम आले होते. नमुना म्हणून त्यांनी दोन-तीन गट नंबर वाचायचे आणि पोरांना गाव नमुना 7 म्हणजे मालकी, 12 म्हणजे पिकं, 6 म्हणजे फेरफार हे समजावायचं, एवढंच ठरलं होतं. पहिला गट वाचला. दुसऱ्याला मागून आवाज आला, ‘भाऊसाहेब, त्यात विहीर अर्धी माझी हाय, ती का वाचली न्हाई?’ लगेच विहिरीचा दुसरा अर्धा उठला. नाटक तिथंच संपलं. खिशातून मोबाइल निघाले, उतारे उघडले गेले. गुरुजी माइकवरून शांत राहा म्हणत होते आणि मला तर वाटलं की चावडी आत्ता कुठं भरली.

पुढच्या ओळीतल्या एक मावशी बराच वेळ हात वर करून बसल्या होत्या. माहेर याच गावचं, या दिवसासाठी म्हणून आल्या होत्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. उताऱ्यावर दोन्ही भावांची नावं लागलेली, त्यांचं नाही.

‘हक्कसोड केलीय का तुम्ही?’ भाऊसाहेबांनी विचारलं.

‘न्हाई. सही मागितली व्हती, मी दिली न्हाई.’

सभेत जरा चुळबुळ झाली. धाकटा भाऊ खांबाला टेकून उभा होता. तो काही बोलला नाही. भाऊसाहेबांनी वारसाच्या फेरफाराचा नंबर शोधला, वही मांडीवर घेतली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा जन्मतः हक्क राज्यात 1994 ला आला, देशभर 2005 ला, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग मावशींना म्हणाले, नाव वगळून वारसनोंद झाली असेल तर तिच्यावर अपील करावं लागेल, ते माझ्याकडं नाही, प्रांताकडं. उशीर का झाला त्याचा वेगळा अर्ज जोडा. वडिलांचा मृत्यूचा दाखला आणा, तुमचा जन्माचा किंवा शाळेचा दाखला आणा, त्या फेरफाराची नक्कल मी देतो.

‘कधी येऊ?’

‘सोमवारी या. अकरानंतर. ऑफिसला या, इथं नको.’

मावशींनी पिशवीतून पेन काढलं आणि दाखल्यांची यादी पुन्हा सांगायला लावली.