नर्मदेत गळ टाकण्यापूर्वी

नव्या नदीवर गळ घेऊन गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "इथं मासे कुठं मिळतात?" जबलपूरच्या घाटांवर याला गोलमोल उत्तर मिळते, आणि त्यात गैर काही नाही. ज्याचे घर मासळीवर चालते, तो आपला डोह सुट्टीत आलेल्या मुलाला का दाखवेल? माझे वडील सध्या जबलपूरला आहेत. दोन सुट्ट्यांत ग्वारीघाट, तिलवारा आणि लम्हेटा इथल्या नावाड्यांशी बोलून मला एक गोष्ट कळली. "दादा, कहाँ नहीं जाना चाहिए?" असे विचारले की हीच माणसे हातातले काम ठेवून सांगू लागतात.

सांगण्यासारखे पुष्कळ असते. शहराच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बरगी धरण आहे. त्याला 21 दरवाजे आहेत आणि 90 मेगावॅटचे वीजगृह आहे. वीजनिर्मिती सुरू झाली किंवा दरवाजे उघडले, की खालच्या पात्रात पाणी वाढते. जबलपूरला ऊन असले, थेंबभर पाऊस नसला तरी वाढते. कोयनेच्या पायथा वीजगृहातून विसर्ग होतो तेव्हा नदीकाठच्या गावांना सावध करतात, तसाच हा प्रकार. दुपारी ज्या खडकावर कोरड्या पायाने चालत गेलो, त्याचे संध्याकाळी बेट झालेले असू शकते. आपल्या नकाशावाचनाच्या तासाला नदी निळ्या रेघेने दाखवतात. ती रेघ सकाळ-संध्याकाळ बदलत नाही, नदी बदलते.

नावाडी हे आधी ओळखतात. खडकावरची ओली खूण वर सरकली, काड्या-पाला वाहत येऊ लागला, पाणी गढूळ झाले, की ते नावा वर ओढून बांधतात. ते नाव हलवताना दिसले तर कारण विचारत बसू नये. आधी आपण काठावर यावे.

भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधले पाणी अगदी शांत दिसते, पण ते खोल आहे आणि वरच धुवांधार धबधबा आहे. तिथे मी गळ काढलाच नाही. ग्वारीघाटावर भाविक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. तिथेही गळ टाकलेला लोकांना रुचत नाही, हे नियमाच्या पाटीवर शोधून सापडणार नाही.

चहावाल्याला विचारू नये, असे माझे मत. तो गिऱ्हाईक खूश राहील असेच सांगतो. रोज पाण्यात उतरणाऱ्या दोघांना वेगवेगळे गाठून विचारावे.

माशांची नावेही त्यांच्याकडूनच कळतात. ते ज्याला 'बाडस' म्हणतात तो महाशीर, आपल्या खडशीचा भाऊबंद आणि 2011 पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा. तो आता कमी झाला आहे, म्हणून गळाला लागला तर हात ओले करून गळ सोडवावा आणि त्याला पाण्यात सोडावे. 16 जून ते 15 ऑगस्ट हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा नदीत मासेमारीला बंदी असते.